ठणका : दुखण्याच्या एका शब्दामागची पार्श्वभूमी

"बोट ठनकून राह्यलं, रातभर डोयाले डोया नाही लागला." निंदणाच्या दिवसांत काटा रुतून पिकला, नखुरडं झालं, दाढ किडली की वऱ्हाडात हे वाक्य ऐकू येतं. वऱ्हाडी बोलीत 'ण'चा 'न' होतो, म्हणून ठणक्याचा ठनका. अर्थ तोच.

शब्द नादातून आला आहे. धातूवर घाव बसला की ठण वाजतं. तो नाद धरून आपण ठणकावून सांगतो, रिकाम्या खिशाला ठणठणाट म्हणतो आणि निरोगी माणसाला ठणठणीत. दुखण्याचा आणि धडधाकटपणाचा शब्द एकाच आवाजातून निघावा, हे मला फार मोलाचं वाटतं. कळ येते आणि जाते, ठसठस पिकत्या गळवाची, धडधड छातीची. ठणक्यात मात्र घाव पडतो, ओसरतो, पुन्हा पडतो.

शल्यतंत्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथात व्रणाच्या वेदनांची यादीच आहे: तोदन, भेदन, ताडन, छेदन, चुमचुमायन. ठणक्याला त्यातलं ताडन, म्हणजे घाव घातल्यासारखं दुखणं, सर्वांत जवळचं.

खरा गुंता पुढचा आहे. ठणका म्हणजे नाडीचाच ठोका, असं वैद्यकात दीर्घकाळ धरलं गेलं. सुजलेल्या जागी रक्त उसळतं आणि प्रत्येक उसळीला दुखतं, ही समजूत इतकी सरळ होती की तपासायची गरज फारशी कुणाला वाटली नाही. १८१६ मध्ये पॅरिसमध्ये स्टेथोस्कोप आला, हृदयाचे ठोके नीट ऐकू येऊ लागले. दुखण्याचे ठोके मात्र रुग्णाच्या सांगण्यावरच राहिले. २०१२ मध्ये दातदुखीच्या २९ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णांनी जाणवेल तसा ठणका नोंदवायचा आणि त्याच वेळी नाडीही मोजली जायची. ठणका मिनिटाला सरासरी ४४, नाडी ७३. दोन्हींची लय जुळली नाही. म्हणजे ही लय धमनीतून थेट येत नाही, ती मज्जासंस्थेत घडत असावी, असा रोख पुढे आला. म्हणूनच ठणक्याच्या जागी 'स्पंदनयुक्त वेदना' लिहिणं मला पटत नाही. स्पंदन म्हटलं की हृदय आणि नाडी डोळ्यांपुढे येते, आणि ज्या समजुतीवर शंका आली तीच भाषेत पक्की होते. ठणका कारण सांगत नाही, फक्त अनुभव सांगतो.

वेदनेच्या शब्दांना वैद्यकात रीतसर जागा १९७५ च्या एका इंग्रजी प्रश्नावलीने दिली: ७८ शब्द, २० गट, आणि पहिलाच गट लयीत दुखण्याचा. गावच्या आरोग्य केंद्रात मात्र केस पेपरवर बहुतेकदा इंग्रजीत 'पेन' एवढंच उतरतं, फार तर शून्य ते दहातला आकडा. किती दुखतं ते आकड्यातून कळतं, कसं दुखतं ते कळत नाही. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, त्यात हाडं फार दुखतात; त्याचे रुग्ण जास्त असलेल्या पूर्व विदर्भात ही उणीव जास्त जाणवते. हाडं दुखणारं पोर आईला सांगतं ते शब्दांत, आणि ती माय दारात उभी राहून तेच शब्द पुढे सांगते: "ठनके मारून राह्यले, डॉक्टरसाहेब."