डीड पोल करण्यापूर्वी: शुल्क कशाचे आणि अधिकार कोणाचा

इंग्लंड किंवा वेल्समध्ये राहून नाव बदलू इच्छिणारे काही ग्राहक आमच्या भाषांतर संस्थेकडे येतात तेव्हा खाजगी कंपनीकडून घेतलेले, जाड कागदावरचे आणि लाल मोहोर उमटवलेले ‘प्रमाणपत्र’ त्यांच्या हाती असते व ते शासनानेच दिले आहे असा त्यांचा समज असतो. त्यामुळे काम स्वीकारण्यापूर्वी आम्ही पुढील माहिती देतो. ती वाचून काही जण आमच्याकडे काम न देताच परततील, हे आम्हाला ठाऊक आहे.

नाव बदलण्यासाठी वापरला जाणारा डीड पोल हा एकाच व्यक्तीने स्वतःपुरता केलेला दस्तऐवज असतो. पूर्वी दोन पक्षांचा करार एकाच चर्मपत्रावर दोनदा लिहून मधोमध नागमोडी कापत असत. एकट्याच्या दस्तऐवजाची कड मात्र सरळ छाटलेली असे, आणि ‘पोल’ हा शब्द त्या छाटण्यावरून आला आहे. जुने नाव सोडले, यापुढे सर्व व्यवहारांत नवेच नाव वापरीन आणि इतरांनीही मला त्याच नावाने ओळखावे, एवढेच त्यात जाहीर करायचे असते. त्याला बळ येते ते तुमच्या स्वाक्षरीने आणि साक्षीदारांमुळे. कंपनीच्या मोहोरेने त्यात काडीचीही भर पडत नाही. 16 वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती नोंदणीविना असा डीड पोल स्वतः करू शकते, आणि त्याच्या मजकुराचा नमुना ब्रिटिश शासनाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो.

नोंदणी ही वेगळी बाब आहे. तिच्यासाठी वय किमान 18 लागते, अर्ज लंडनच्या रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिसकडे करावा लागतो, न्यायालयाचे शुल्क भरावे लागते आणि नावातील बदल ‘लंडन गॅझेट’ या शासकीय राजपत्रात प्रसिद्ध होतो. ज्यांना जुने व नवे नाव जाहीरपणे जोडले जाणे धोक्याचे वाटते, त्यांनी हा मार्ग धरण्यापूर्वी दहादा विचार करावा. एखाद्या कंपनीने स्वतःच्या दप्तरात तुमचे नाव लिहून ठेवले, तर ती न्यायालयातील नोंदणी नव्हे, मग पावतीवर शब्द कोणताही असो.

विवाहानंतर जोडीदाराचे आडनाव घ्यायचे असल्यास बहुतेक ठिकाणी विवाहाचा दाखला पुरतो. तुमची बँक कोणता कागद मागते, हे मात्र आधी विचारून घ्यावे.

दुसऱ्या देशाचा पासपोर्ट असेल तर डीड पोलमुळे त्यावरील नाव आपोआप बदलत नाही. तेथे त्या देशाचे नियम लागू होतात. ब्रिटिश पासपोर्टवर नवे नाव मागताना दुसऱ्या पासपोर्टवरही तेच नाव असावे अशी सर्वसाधारणपणे अपेक्षा असते, आणि आमच्या अनुभवात खरी अडचण येथेच येते.

आम्ही शुल्क घेतो ते भाषांतराचे, मसुदा तपासण्याचे आणि सर्व कागदांवर नावाचे स्पेलिंग एकसारखे आहे ना हे पाहण्याचे. आमची संस्था शासकीय नाही, आणि हे वाक्य आम्ही प्रत्येक पावतीवर छापतो.