सारसाची जोडी आणि चिमणीचा बाप

मे महिन्यात गोंदिया जिल्ह्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. मांडवाच्या दारातच बॅनरवर सारसांची जोडी. पंगतीत बसलो तर मोबाईलवरही तोच सारस: ‘जोडीदार मेला की दुसरा अन्नपाणी सोडून प्राण देतो.’ शेजारचे मामाजी म्हणाले, “पाहा मास्तर, पाखराले समजते, आताच्या पोरायले नाही समजत.”

सारस जोडीनं राहतो हे खरं. पावसाळ्यात धानाच्या बांधीत घरटं, बहुतेक दोन अंडी, महिन्याहून जास्त उबवण. एक बसतो, दुसरा पहारा देतो. एकट्यानं ते निभत नाही. पण प्राणबिण देत नाही. सारसाच्या कुळात जोडीदार गेला की यथावकाश दुसरी जोडी जमते. गोंदिया-भंडाऱ्यात पन्नासच्या आत सारस उरलेत, ते मरतात विजेच्या तारांना लागून नि फवारणीच्या विषानं. त्यावर मेसेज येत नाहीत.

आता आपली चिमणी. चिमणा-चिमणीचा संसार गोष्टींत इतका ऐकलेला, की पिल्लांचा बाप कोण हा प्रश्नच पडत नाही. 1984 साली इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज या शास्त्रज्ञाला डीएनएचे ठसे सापडले. डीएनएत काही छोटे तुकडे एकामागे एक पुन्हा पुन्हा येतात, माझ्यात बारा वेळा तर तुमच्यात तीस वेळा, म्हणून तुमचा तो भाग लांब. डीएनए कापून जेलीसारख्या थरात ठेवला नि वीज सोडली की आखूड तुकडे पुढे पळतात, लांब मागे रेंगाळतात. फिल्मवर बिस्किटाच्या पुड्यावर असतात तशा रेघा उमटतात. पिल्लाची प्रत्येक रेघ आईत नाही तर बापात सापडायला हवी. एखादी जुळली नाही तर उत्परिवर्तन, म्हणजे डीएनएत आपोआप झालेला बदल, म्हणून सोडून देता येतं. पाच-सहा जुळल्या नाहीत तर बाप दुसरा. 1987 मध्ये हेच तंत्र चिमण्यांवर वापरलं. पुढच्या अभ्यासांत साधारण शंभरातली दहा-पंधरा पिल्लं शेजाऱ्याची निघाली! म्हणून शास्त्रज्ञ दोन गोष्टी वेगळ्या धरतात: संसार एकाशी, आणि संतती एकाचीच. पहिली पक्ष्यांत सर्रास दिसते, दुसरी बरीच कमी.

यावरून ‘एकनिष्ठा निसर्गातच नाही’ म्हणणारे मोबाईलवीर मामाजींच्याच पंगतीतले. चिमणीनं कुणाला वचन दिलेलं नसतं. लग्नातलं वचन माणसांनी आपसात ठरवलेलं. ते पाळायचं की मोडायचं, याला पाखरू साक्षीला कशाला?

मामाजींना हे सांगितलं. भात कालवता कालवता थांबले. “मंग त्या चिमण्याले मालूम रायते का?”

आपलं पिल्लू कोणतं, हे त्याला ओळखता येत नाही. अळी आणतो आणि उघड्या चोचीत कोंबतो. पण ब्रिटनजवळच्या लंडी बेटावर वर्षानुवर्षं चिमण्यांची नोंद ठेवणाऱ्यांना दिसलं, की जिचं बाहेर जास्त जमतं, तिच्या घरट्यात चिमणा खाऊ कमी आणतो.

“म्हंजे संशय रायतेच,” मामाजी म्हणाले, आणि वाढप्याकडून आणखी वरण मागून घेतलं.