प्राणिसंग्रहालयाला दान : नजराण्यापासून दत्तक योजनेपर्यंत

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी सवाई माधवराव पेशव्यांचा शिकारखाना, म्हणजे जनावरांचा संग्रह, होता. तिथल्या गेंड्याचे चित्र गंगाराम तांबट यांनी १७९० मध्ये काढले. त्या काळी दुर्मीळ जनावर म्हणजे दरबारात पेश करायचा नजराणा. जनावर देणाऱ्याचे काम तिथे संपत असे, त्याला रोज खायला घालणे हे दरबाराचे काम. दान म्हणजे जनावर देणे, ही समजूत पुढे दीडशे-दोनशे वर्षे टिकली.

मुंबईची राणीची बाग १८६२ मध्ये खुली झाली तेव्हा ती वनस्पती उद्यान होती आणि एक संस्था ती चालवत असे. शहरातले धनिक या कामात पुढे होते. तिथला घड्याळाचा मनोरा डेव्हिड ससून यांच्या देणगीतला. पण मनोरा बांधायला दाता मिळतो, माळ्याच्या पगाराला मिळत नाही. १८७३ मध्ये ती संस्था बंद पडली आणि बाग नगरपालिकेकडे आली. प्राणी आले ते त्यानंतर, १८९० च्या सुमारास. वास्तूला मिळालेले दान आणि रोजच्या खर्चाला न मिळालेले दान यांतली ही दरी आजही बुजलेली नाही.

रोजच्या खर्चासाठी लोकांकडे जाण्याची कल्पना लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने दुसऱ्या महायुद्धात वापरली. प्रेक्षक रोडावले, तेव्हा ठरावीक रक्कम भरून एखादा प्राणी दत्तक घ्या, असे आवाहन झाले. प्राणी जागच्या जागी राहतो, दाता फक्त त्याचा खर्च उचलतो. भारतातल्या दत्तक योजना याच तत्त्वावर चालतात.

आपल्याकडे जनावर भेट देण्याला खरा लगाम बसला तो कायद्याने. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९९१ च्या दुरुस्तीने त्यात प्राणिसंग्रहालयांचे प्रकरण आले आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्या मान्यतेशिवाय प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही, संरक्षित प्राण्याची देवघेवही परस्पर करता येत नाही. तरीही घरचा देशी पोपट किंवा तारांकित कासव 'दान' करायला लोक फाटकावर येतात. हे प्राणी घरात पाळणे हाच गुन्हा आहे. ते वन विभागाकडे सोपवायचे असतात.

मार्च २०२० मध्ये फाटके बंद झाली आणि तिकिटावर चालणाऱ्या संस्थांचे हाल झाले. १८९२ मध्ये स्थापन झालेले म्हैसूरचे प्राणिसंग्रहालय त्यांपैकीच एक. जून २०२१ मध्ये कन्नड चित्रपटातल्या एका आघाडीच्या नटाने चाहत्यांना प्राणी दत्तक घेण्याची हाक दिली आणि काही दिवसांत कर्नाटकातल्या प्राणिसंग्रहालयांकडे कोटीहून अधिक रुपये जमले. तेव्हाचे वार्षिक दर असे : हत्ती १ लाख ७५ हजार, वाघ १ लाख, लहान पक्षी १ हजार. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वाघासाठी ३ लाख १० हजार, सिंहासाठी ३ लाख आणि बिबट्यासाठी १ लाख २० हजार असे दर जाहीर झाले होते. दर संस्था आपापले ठरवते आणि ते बदलतात, म्हणून भरण्याआधी चालू दरपत्रक मागून घ्यावे.

या आकड्यांमागचा हिशेब दात्याने एकदा मांडून पाहावा. प्रौढ वाघाला दिवसाला ८ ते १० किलो मांस लागते आणि आठवड्यात एक दिवस उपवास असतो. म्हणजे वर्षाला सुमारे २,८०० किलो. ३ लाख १० हजारांना त्याने भागले तर किलोमागे जेमतेम ११० रुपये पडतात, १ लाखाला भागले तर ३५. औषधे, पशुवैद्यक, रखवालदार, पाण्याची मोटर हे सगळे त्याबाहेर. दत्तक रक्कम हा खर्चातला वाटा आहे, वाघाचा सगळा खर्च त्यात भागत नाही. यात फसवणूक नाही, पण फलकावर नाव लागले की दात्याला काम पूर्ण झाल्यासारखे वाटते आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरण राहून जाते. योजना ढिली पडते ती बहुधा इथेच.

दुसरी अडचण पसंतीची. वाघ-सिंहांना पालक मिळतात. तरस, कोल्हा, नीलगाय, घुबड यांचे फलक कोरे राहतात, खाणे तर त्यांनाही रोज लागते. वाघ एक वर्ष दत्तक घेण्यापेक्षा भेकर तीन वर्षे दत्तक घेणे आमच्या मते जास्त उपयोगाचे. पैसे कोणत्याही प्राण्यासाठी वापरा, असे लिहून दिले तर आणखी चांगले. दत्तक प्राणी वर्षाच्या मध्येच दगावला तर उरलेली रक्कम कशाकडे वळेल, हेही आधीच विचारून ठेवावे.

फळांच्या करंड्या किंवा मांस घेऊन जाऊ नये. आहार ठरलेला असतो, माल तपासून घेतला जातो, बाहेरच्या खाण्यातून रोग शिरतो. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले, तेव्हा संशय खाद्यावरच आला होता. पिंजऱ्यात काही टाकणे तर कायद्यानेच मना आहे.

आता पैशांची वाट. प्राणिसंग्रहालय महापालिकेचे असेल तर देणगी पालिकेच्या निधीत जमा होते. म्हणून सोबतच्या पत्रात आणि पावतीवर 'प्राणी दत्तक योजना', प्राण्याचे नाव व कालावधी लिहून घ्यावा. धनादेश संस्थेने सांगितलेल्या अधिकृत नावानेच काढावा, एखाद्या मंडळाच्या किंवा कर्मचाऱ्याच्या नावाने नाही. आयकरातली ८०-जी म्हणून ओळखली जाणारी सवलत हवी असेल तर २,००० रुपयांवरची देणगी रोख देऊ नये, पावतीसाठी पॅन द्यावा. नवी करप्रणाली निवडणाऱ्यांना ही वजावट मिळत नाही. कंपन्यांसाठी २०१३ च्या कंपनी कायद्याने वाट मोकळी केली : सामाजिक दायित्वाच्या (सीएसआर) यादीत वनस्पती-प्राण्यांचे संरक्षण आणि प्राणिकल्याण आहे. कंपन्यांचा कल अजूनही नव्या पिंजऱ्याकडे आणि उद्घाटनाच्या कोनशिलेकडे असतो. त्यांच्याशी बोलताना बांधकामासोबत पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम करारातच लिहून घेण्याचा आग्रह धरावा.