धूमकेतूचे फोटो प्रोसेसिंगला देण्याआधी एवढं वाचा

२१ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, लेमन धूमकेतू पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता. दिवाळी आटोपली आणि आमच्या दुकानात पेन ड्राइव्ह यायला लागले. कुणी त्र्यंबकच्या बाजूला जाऊन फोटो काढलेले, कुणी इगतपुरीच्या पुढे. मेहनत खरी होती, पण बऱ्याच जणांना एकच सांगून परत पाठवावं लागलं: मूळ फ्रेम्स, म्हणजे कॅमेऱ्यातले सगळे सुटे फोटो, आणा.

बहुतेकांनी घरीच स्टॅकिंग, म्हणजे अनेक फोटो एकावर एक जोडणं, उरकून एकच टिफ फाईल आणली होती. तारे टाचणीसारखे बारीक आणि धूमकेतूच्या जागी लांबट धुरकट डाग. "हा डाग तेवढा नीट करून द्या," असं सगळ्यांचं म्हणणं. तो डाग नीट होत नाही. का, ते सविस्तर सांगतो, कारण सगळा वेळ इथेच जातो.

रामकुंडावर उभं राहून पाण्यात सोडलेल्या दिव्याचे शंभर फोटो काढलेत असं समजा. घाटाच्या पायऱ्या एकमेकींवर बसवून ते जोडले, तर दिव्याची रेघ होणार. दिव्यावर दिवा बसवला, तर पायऱ्या ओढल्या जाणार. धूमकेतू ताऱ्यांमधून असाच सरकत असतो. फेब्रुवारी २०२३ च्या सुरुवातीला झेडटीएफ धूमकेतू दिवसाला ६ अंशांहून जास्त सरकत होता, म्हणजे मिनिटाला सुमारे १५ विकला (एका अंशात ३,६०० विकला). २०० मिमी लेन्स आणि ४ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा धरला, तर मिनिटाला साधारण साडेतीन पिक्सेल आणि तासाभरात दोनशेच्या वर. शंभर फ्रेम्सची एकदा सरासरी काढली, की कोणत्या फ्रेममध्ये केंद्रक, म्हणजे धूमकेतूचा मधला गाभा, कुठे होतं ही माहितीच फाईलमध्ये उरत नाही. नसलेली माहिती आम्ही कुठून आणणार?

म्हणून आम्ही तेच फोटो दोनदा जोडतो. एकदा ताऱ्यांना धरून, एकदा केंद्रकाला धरून. केंद्रकाच्या स्टॅकमध्ये तारे दर फ्रेमला वेगळ्या जागी पडतात. एखाद्या पिक्सेलवर एखाद्याच फ्रेममध्ये तारा आला, तर सॉफ्टवेअर ती किंमत गाळून टाकतं. मग स्वच्छ धूमकेतू आणि स्वच्छ तारे एकत्र बसवायचे. इथे एक गोष्ट लोकांना उलटी वाटते: सावकाश सरकणारा धूमकेतू जास्त त्रास देतो. दोन फ्रेम्समध्ये तारा स्वतःच्या जाडीइतकाही हलला नाही, तर तो गाळला जात नाही आणि मागे पट्टे राहतात. अशा वेळी दहा मिनिटांत शंभर फोटो उडवू नका. मध्ये जागा सोडत तासभर तरी काढा.

केंद्रकाची जागा पहिल्या आणि शेवटच्या फ्रेमवर आम्ही हाताने दाखवतो. मधल्या सगळ्या जागा फाईलमध्ये नोंदलेल्या वेळेवरून निघतात. त्यामुळे व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो चालत नाही. तो दाबला जातो आणि वेळेची नोंदही पुसली जाते. कॅमेऱ्याचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असलं तरी चालेल, मध्येच बदलू मात्र नका. रॉ फाईल्स (कॅमेऱ्याने न दाबता जशाच्या तशा साठवलेल्या), मूळ नावांनी, पेन ड्राइव्हवर. बस्स.

डीप स्काय स्टॅकर आणि सिरिल ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि दोन्हींत धूमकेतूची सोय आहे. घरी जरूर करून पाहा, शिकायला मिळतं. फक्त मूळ फ्रेम्स डिलीट करू नका.

"चार दिवस कशाला लागतात?" असं विचारतात. जोडण्याचं काम संगणक करतो. वेळ जातो तो पार्श्वभूमी साफ करण्यात. नाशिकच्या दिव्यांचा पिवळा उजेड आपोआप काढायला लावला, तर सॉफ्टवेअर फिकट शेपटीलाही उजेडच समजतं आणि तीही पुसून टाकतं. म्हणून पार्श्वभूमीचा उजेड जिथे मोजायचा तो एकेक बिंदू, शेपूट टाळून, आम्ही हाताने ठेवतो. शेपूट हिरवी करून द्या, असाही आग्रह होतो. ते आम्ही करत नाही. हिरवा रंग केंद्रकाभोवतीच्या वायूतल्या दोन अणूंच्या कार्बन रेणूंचा असतो, आणि हे रेणू शेपटीपर्यंत पोहोचण्याआधीच सूर्यप्रकाशाने तुटतात. तुमच्या फ्रेम्समध्ये जे आहे तेवढंच वर काढायचं, ही आमची पद्धत आहे. तुमच्या मुलांना तो फोटो दाखवताना त्यातलं प्रत्येक धुरकट टोक खरं असावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

फोटो काढायला जाण्याआधी कॅमेरा घेऊन एकदा दुकानात या. लेन्स आणि धूमकेतूचा वेग पाहून किती सेकंदांची फ्रेम घ्यायची ते काढून देऊ. परत आल्यावर लेन्स कॅमेऱ्यापासून काढू नका, ॲपर्चर बदलू नका, फोकस रिंगवर चिकटपट्टी लावून कॅमेरा तसाच आणा. सेन्सरवरची धूळ आणि कडेचा काळोख घालवणारे फ्लॅट फोटो आमच्याकडच्या एकसारख्या उजेडाच्या पॅनेलवर काढून घेऊ. त्याचे वेगळे पैसे घेत नाही.