मक्यातलं जे कोंबडीला पचत नाही

मुंबईत विकली जाणारी ब्रॉयलर कोंबडी म्हणजे मुळात मका आणि सोयापेंड. रायगड, पालघर, पुणे, नाशिककडच्या शेडमधून टेम्पोनं ती शहरात येते तेव्हा तिचं वय जेमतेम पाच-सहा आठवडे असतं आणि वजन दोन किलोच्या आसपास. तेवढ्यासाठी तिनं साधारण सव्वातीन किलो खाद्य खाल्लेलं असतं. पोल्ट्रीवाल्याच्या खर्चातले शंभरातले पासष्ट-सत्तर रुपये या खाद्यावरच जातात. त्यातलं सगळं काही तिच्या अंगी लागत नाही.

फॉस्फरसचंच घ्या. हाडं भरायला तो लागतो. मका, सोयापेंड, तांदळाचा कोंडा या सगळ्यांत तो आहे, पण त्यातला सुमारे दोन तृतीयांश फायटेटच्या रूपात अडकलेला असतो. एका छोट्या कड्याला सहा फॉस्फेट जोडलेले, असा हा रेणू. रुजायची वेळ येईपर्यंत फॉस्फरस साठवून ठेवण्याची ती बियाण्याची सोय. रुजताना बी फायटेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, कामाला लावतं आणि ते फॉस्फेट सुटे करतं. मटकीला मोड येतात तेव्हा घरातही हेच चालू असतं. गाईच्या पोटातले जिवाणू हे विकर बनवतात, त्यामुळे तिचं अडत नाही. कोंबडीकडे मात्र ते नसल्यातच जमा. वर फायटेट कॅल्शियम, जस्त, लोहही धरून ठेवतं आणि प्रथिनांच्या पचनात आडवं येतं.

यावर जुना उपाय म्हणजे खाद्यात डीसीपी, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट, घालणं. ते फॉस्फेटच्या खडकापासून बनतं आणि तो खडक आपण बहुतांशी बाहेरून आणतो. म्हणजे दाण्यात असलेला फॉस्फरस विष्ठेवाटे वाया घालवायचा आणि त्याची भरपाई परदेशी खडकानं करायची! वाया गेलेला फॉस्फरस पावसाबरोबर ओढ्या-तळ्यांत उतरतो, तिथे शेवाळ माजतं आणि पाण्यातला प्राणवायू आटतो. ही उधळपट्टी मला फार खुपते, कारण ती टाळण्याचा मार्ग माहीत असून बराच काळ झाला आहे.

तांदळाच्या कोंड्यातलं फायटेज जपानी शास्त्रज्ञांनी १९०७ सालीच ओळखलं होतं. पण खाद्यात घालण्यासाठीचं फायटेज बाजारात यायला १९९१ साल उजाडलं, तेही नेदरलँड्समध्ये डुकरं आणि कोंबड्यांच्या खतातला फॉस्फरस पाण्याला डोईजड झाला तेव्हा. ते बुरशीपासून काढलेलं होतं. पुढे जिवाणूंपासूनची जास्त कणखर फायटेजंही आली. विकराची ताकद एककांत मोजतात; किलोभर खाद्याला ५०० एकक ही नेहमीची मात्रा. पुडीत ग्रॅमला ५,००० एककं असतील तर टनभर खाद्याला १०० ग्रॅम पुरतात. कोंबडीच्या अन्नपिशवीत आणि पेठ्यात, म्हणजे कलेजीबरोबर आपण जो पेठा घेतो त्यात, आम्लता असते. फायटेजचं बरंचसं काम तिथेच उरकतं.

आता हिशेबाचा भाग, आणि तो मला विकराइतकाच महत्त्वाचा वाटतो. खाद्याचं सूत्र तसंच ठेवून वरून पुडी टाकली तर खर्च वाढतो आणि फायदा फारसा दिसत नाही. फायटेज जेवढा फॉस्फरस मोकळा करणार, तेवढा सूत्रातून कमी करायला हवा. नेहमीच्या मात्रेत टनामागे साधारण सहा-सात किलो डीसीपी वाचतं. चुनखडीची भुकटीही आवरती घ्यावी लागते, कारण जादा कॅल्शियम फायटेटला चिकटून बसतं आणि मग विकराला ते फोडता येत नाही. दुसरा अडथळा उष्णतेचा. खाद्य दाबून त्याच्या गोळ्या, म्हणजे पेलेट, करताना ते वाफेवर ८०-९० अंशांपर्यंत तापतं, आणि विकर शेवटी प्रथिन असल्यामुळे त्या तापात निकामी होऊ शकतं. म्हणून एक तर आवरण दिलेलं विकर वापरतात किंवा पेलेट थंड झाल्यावर त्यावर द्रवरूप विकर फवारतात.

गहू आणि बार्लीची तऱ्हा वेगळी. गव्हातलं अरॅबिनोझायलान आणि बार्लीतलं बीटा-ग्लुकान हे तंतू पाण्यात फुगून आतड्यातला रस चिकट, बुळबुळीत करतात. पाचकरस नीट मिसळत नाहीत, चरबी शोषली जात नाही आणि न पचलेल्या अन्नावर नको ते जिवाणू पोसले जातात. विष्ठा पातळ आणि चिकट होते, शेडमध्ये खाली अंथरलेलं तूस ओलं होतं, त्यातून अमोनिया सुटतो आणि कोंबडीच्या तळपायाला जखमा होतात. कोकणातल्या पावसाळी दमट हवेत तूस कोरडं ठेवणं मुळातच कठीण, तिथे हा त्रास नको. झायलानेज आणि ग्लुकानेज ही विकरं या तंतूंच्या लांबलचक साखळ्या कापतात आणि चिकटपणा उतरतो. मक्याच्या खाद्यात असा चिकटपणा फारसा नसतो, त्यामुळे तिथे झायलानेजचा लाभ माफक असतो, प्रत्येक लॉटला सारखाही नसतो. विक्रेत्यानं काहीही सांगितलं तरी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

‘बॉयलरला काहीतरी देतात’ ही शंका मुंबईच्या घरोघरी ऐकू येते, म्हणून स्पष्ट सांगतो: विकर म्हणजे हार्मोन नव्हे, प्रतिजैविकही नव्हे. ते कोंबडीच्या पोटात काम करतं आणि इतर प्रथिनांसारखंच पचून जातं. पाव बनवतानाही झायलानेज वापरतात.

अलीकडे इथेनॉलसाठी मक्याची मागणी वाढल्यापासून खाद्यवाले तांदळाची कणी, बाजरी आणि इथेनॉल कारखान्यातला वाळवलेला चोथा, म्हणजे डीडीजीएस, यांकडे वळत आहेत. प्रत्येक धान्याला तेच विकर चालत नाही. चोथ्यातला स्टार्च निघून गेल्यामुळे तंतू जवळजवळ तिपटीनं वाढलेले असतात, तर फायटेट मात्र आंबवताना यीस्टनं बरंचसं आधीच फोडलेलं असतं. तिथे फायटेजकडून मक्याइतकी बचत धरली तर कोंबडीची हाडं आणि शेतकऱ्याचा हिशेब, दोन्ही कच्चे राहतील.