टपावरचा तांबेरा

"आपल्याकडे कुठं समुद्र आहे? जंग लागायचा तो कोकणातल्या गाड्यांना." विदर्भातल्या डेंटिंग-पेंटिंगच्या टिनाखाली हे वाक्य हमखास ऐकू येतं, आणि शेजारीच टपाचे पोपडे निघालेली एखादी गाडी उभी असते. जंग धरायला समुद्र लागत नाही, हिवाळ्यातलं दव पुरतं. आणि मिठाचंच म्हणाल, तर तेही इथं आहे. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाण पट्टा, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारट असलेला भाग, पसरलेला आहे. तिथल्या बोअरच्या पाण्यानं गाडी धुतली आणि उन्हातच वाळू दिली, की पाणी उडून जातं आणि मीठ टपावर राहतं. दर आठवड्याला धुवा, दर आठवड्याला नवा थर. त्यात टपावरच्या कॅरिअरवर पोटॅश खताच्या पिशव्या बांधून आणल्या असतील, तर पिशवीच्या शिवणीतून सांडतं ते पोटॅशियम क्लोराइड. ते मिठाचंच भावंड, आणि रंगाच्या दृष्टीनं जास्त द्वाड. ते कसं, ते पुढे येईल.

आधी एक गोष्ट वेगळी काढायला हवी. पोपडे निघणं आणि जंग लागणं हे दोन निरनिराळे रोग आहेत. पुष्कळदा पहिला दुसऱ्याला दार उघडून देतो, पण उपचार वेगळे.

गाडीचा पत्रा साधारण 0.7 ते 0.8 मिलिमीटर जाडीचा असतो. त्यावर फॉस्फेटचा पातळ थर देतात. मग सगळी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या मदतीनं इपॉक्सी या चिकट राळेचा थर चढवतात. हा ईडी कोट, सुमारे 20 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यावर 30-35 मायक्रॉन प्रायमर, 15-20 मायक्रॉन रंग आणि सगळ्यात वर 40 ते 50 मायक्रॉनचा पारदर्शक क्लिअर कोट. बेरीज 120 मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे डोक्याचे दोन केस एकावर एक ठेवले तर होतील तेवढी. ऊन, धूळ, कोळशाची राख, पक्ष्यांची विष्ठा, सगळं या दोन केसांनी सोसायचं.

यातला क्लिअर कोट उन्हानं मरतो. अतिनील किरणांनी त्याच्या लांब साखळ्या तुटतात, तुटलेली टोकं ऑक्सिजनशी जुळून शेजारच्या साखळ्या तोडत सुटतात. कारखान्यात त्यात किरण शोषणारी आणि ही सुटी टोकं पकडणारी रसायनं घातलेली असतात, पण ती काही अमरपट्टा घेऊन आलेली नसतात. ऊन सरळ टपावर आणि बॉनेटवर पडतं, म्हणून दारं चकचकीत आणि टप मात्र पांढरट नकाशा झालेला, असं चित्र दिसतं. मे महिन्यात हवाच 45 अंशांची असते तेव्हा गडद रंगाचा टप 75 अंशांच्या घरात सहज जातो. पत्र्यापेक्षा रंगाचा थर कितीतरी पट जास्त प्रसरण पावतो. त्यावर अवकाळीची सर आली की दोघं वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीनं पोचे पडले असतील, तर त्या पोच्यांच्या कडेला न दिसणाऱ्या चिरा आधीच असतात.

ऊन रंगातूनही आरपार गेलं तर आणखी मोठं नुकसान होतं. इपॉक्सीला चिकटपणा भरपूर, पण ऊन अजिबात सोसत नाही. ईडी कोटाच्या पृष्ठभागाची खडूसारखी भुकटी होते आणि वरचे सगळे थर उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखे सलग निघतात. खाली गुळगुळीत करडा थर दिसतो, जंगाचा मागमूस नसतो. असं असेल तर आनंद माना. पत्रा अजून शाबूत आहे.

पण पोपड्याखाली लालसर ठिपके असतील, किंवा रंगाला फोड आले असतील, तर गोष्ट पत्र्यापर्यंत गेलेली आहे. ती नीट समजायला 1920 च्या दशकातला एक प्रयोग उपयोगी पडतो. केंब्रिजमध्ये युलिक इव्हान्स या शास्त्रज्ञांनी घासलेल्या लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला. थेंबात दोन दर्शकं मिसळली होती. लोखंड विरघळलं की निळं होणारं पोटॅशियम फेरीसायनाइड आणि अल्कली तयार झाली की गुलाबी होणारं फिनॉल्फ्थॅलीन. हळदीत चुना मिसळला की जसं लाल कुंकू होतं, तसाच हा रंगबदल. दोन्ही रसायनं कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतात, प्रयोग करायला अवघड नाही. काही मिनिटांत थेंबाच्या मधोमध निळा डाग उमटतो आणि कडेला गुलाबी कडं येतं.

एकाच थेंबात, एकाच पत्र्यावर, दोन रंग. थेंबाच्या कडेला पाणी उथळ असल्यानं हवेतला ऑक्सिजन पत्र्यापर्यंत लवकर पोचतो, मधोमध तो कमी पडतो. जिथं ऑक्सिजन कमी, तिथं लोखंड इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतं. हे इलेक्ट्रॉन पत्र्यातून कडेकडे धावतात आणि तिथं ऑक्सिजन व पाण्याशी मिळून हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली तयार करतात. थेंब म्हणजे एक चिमुकली बॅटरी, टोकं जोडलेली. लोखंडाचे आयन आणि हायड्रॉक्साइड वाटेत जिथं भेटतात, तिथं तांबड्या जंगाचं वर्तुळ पडतं. म्हणजे लोखंड झिजतं एकीकडे आणि जंग दिसतो दुसरीकडे. जिथं ऑक्सिजन नाही तिथंच पत्रा खाल्ला जातो, हे कळलं की टपाच्या कडेच्या नालीत, सुकल्या कडुलिंबाच्या पाल्याखाली, काचेच्या रबराखाली भोकं का पडतात ते आपोआप उलगडतं.

आता हाच थेंब रंगाच्या ओरखड्यात बसवून पाहा. ओरखड्यातला उघडा पत्रा विरघळतो, त्यावर जंगाचं बूच बसतं. ऑक्सिजन मात्र शेजारच्या पातळ रंगातून झिरपत खाली पत्र्यापर्यंत पोचतो. इलेक्ट्रॉन तिथं जातात, आणि रंगाच्या पोटाखाली, जिथं वरून सगळं ठणठणीत दिसतं, तिथं हायड्रॉक्साइड तयार होतं. ऋण भार साचला की तो फेडायला धन आयन लागतात. ओरखड्यातले सोडियम आयन रंग आणि पत्रा यांच्यामधल्या फटीतून आत सरकतात. सोडियम आणि हायड्रॉक्साइड मिळून काय होतं? कॉस्टिक सोडा. तोही चांगला तीव्र, सामू 12-13 च्या वर नेणारा. या सरकण्याच्या वेगावरच रंग सुटण्याचा वेग ठरतो, आणि पाण्यात पोटॅशियमचा आयन सोडियमपेक्षा चपळ असतो. म्हणून पोटॅशचं सांडणं मिठापेक्षा वाईट.

थोडक्यात, लाल जंग पुढे येऊन रंग उचलतो ही समजूत निम्मीच खरी आहे. जंगाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असतं, त्यामुळे तो रंग फुगवतो हे बरोबर. पण त्याच्याही पुढे, डोळ्यांना न दिसणारी अल्कलीची आघाडी चाललेली असते. रंगाची पकड तिनं आधीच सोडवलेली असते, जंग मागून आयत्या घरात येतो. गव्हावरचा तांबेरा पानावर दिसायच्या आधी पानात मुरलेला असतो, तसंच हे.

यातून रेड ऑक्साइडची गंमत कळते. दाराच्या ग्रिलपासून ट्रॉलीपर्यंत सगळ्याला आपण तो फासतो. त्यातला तांबडा रंग म्हणजे आयर्न ऑक्साइड, जंगाचाच सख्खा भाऊ. तो स्वतः जंग थोपवत नाही, थोपवतं ते त्याला धरून ठेवणारं अल्कीड, म्हणजे तेलयुक्त राळ. अल्कीडमध्ये एस्टरचे बंध असतात, तेलात असतात तसेच. तेलात कॉस्टिक सोडा घातला की साबण होतो. रंगाखालच्या कॉस्टिकनं अल्कीडचंही तेच होतं. टपावर रेड ऑक्साइड फासला असेल, तर तो तिथं अक्षरशः साबण होऊन सुटतो. इपॉक्सीच्या साखळीत असे एस्टर नसतात, म्हणून अल्कलीपुढे ती टिकते. उघड्या पत्र्यावर पहिला थर इपॉक्सीचाच हवा, तो याच कारणानं.

आता प्रत्यक्ष काम. पोपड्याच्या कडेवर सेलोटेप घट्ट दाबून झटक्यात ओढा. टेपला रंग चिकटून येतोय तोवर कड मेलेली आहे, पुढे खरवडत जा. संशयाच्या जागी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलकेच ठोका. आवाज बद्द आला किंवा पत्रा मऊ लागला तर आतलं छताचं कापड खाली घेऊन पाहा. भोक असेल तर तेवढा तुकडा कापून नवा पत्रा वेल्डिंगनंच बसवायचा. भोकावर पुट्टी थापणं म्हणजे चाळणीला शेण सारवणं.

आधी टप गोड्या पाण्यानं धुवा. खारपाण पट्ट्यात यासाठी टिनावरून पडलेलं पावसाचं पाणी साठवलेलं उत्तम. आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी मात्र वापरू नका, सगळं मीठ त्यातच असतं. मग थिनरच्या फडक्यानं मेण आणि तेलकटपणा काढा. हे घासण्याआधीच करायचं, नाहीतर तेल घासून पत्र्यात मुरतं. जंगावर 80 नंबरचा घासायचा पेपर (नंबर मोठा तितका पेपर बारीक), नंतर 180, आणि चांगल्या रंगाच्या कडेवर 320, असं की बोट फिरवलं तर पायरी लागू नये. दिसणाऱ्या लाल डागापाशी हात थांबवू नका. अल्कलीची आघाडी त्याच्या पुढे असते, म्हणून चकचकीत पत्र्याची बोटभर पट्टी दिसेपर्यंत चारी बाजूंनी जा. एका पावसाळ्यात परत उगवणारं टचिंग बहुधा इथंच फसलेलं असतं.

खड्ड्यांत रुतलेले काळे ठिपके पेपरनं निघत नाहीत. त्यांच्यासाठी फॉस्फोरिक आम्लाचं जंगनाशक मिळतं. ते जंगाचं लोहफॉस्फेट करतं. डब्यावर लिहिलेल्या वेळेपुरतं ठेवा, सुकू देऊ नका, गोड्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन लगेच कोरडं करा. आम्ल राहिलं तर वरची इपॉक्सी नीट वाळत नाही. काही जंगनाशकांत टॅनिन असतं. हिरड्याच्या पाण्यात लोखंडी खिळा टाकला की काळी शाई होते, तीच क्रिया. पण घरी उकळलेला हिरड्याचा काढा टपावर फासून भागत नाही, त्यातलं टॅनिन किती हे कळत नाही आणि बाकीचा गाळ रंगाखाली राहतो. संडास धुवायचं ॲसिड तर चुकूनही नको. ते हायड्रोक्लोरिक असतं. जंग झटकन निघतो, पण क्लोराइड खड्ड्यांत राहतं आणि क्लोराइड या खेळात खर्चच होत नाही, फिरून फिरून कामाला लागतं.

उघडा पत्रा तासा-दोन तासांत झाका. दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर, हार्डनरचं प्रमाण डब्यावरचंच, अंदाजानं नाही. पुट्टी लागली तर ती इपॉक्सीच्या वर, पत्र्यावर थेट कधीच नाही, कारण पॉलिएस्टर पुट्टी स्पंजासारखी पाणी पिते. मग पीयू (पॉलियुरेथेन) प्रायमर, त्यावर 400 आणि 600 चा वॉटर पेपर, रंगाचे दोन-तीन हात आणि क्लिअरचे दोन. इपॉक्सी नुसती ठेवून गाडी उन्हात फिरवू नका, काही महिन्यांत तिची भुकटी होईल. क्लिअर कोट मेलेला असेल तर पॉलिशनं तो जिवंत होत नाही, आणि मधल्या एका टवक्यावर नवा क्लिअर मारला तर त्याची कड वर्षभरात उचलते. टप सगळा घासून कडेपासून कडेपर्यंत मारावा लागतो.

किती माल लागेल? टप दोन चौरस मीटर धरा. 50 मायक्रॉनचा वाळलेला थर म्हणजे 100 मिलिलिटर घन भाग. डब्यातला निम्मा भाग उडून जाणारा, म्हणून 200. स्प्रे गननं मारताना निम्मा हवेत जातो, म्हणून 400. क्लिअर अर्धा लिटर आणला की पुरतो.

पीयू आणि क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्यानं दमा जडू शकतो. तोंडाला गमछा बांधल्यानं धूळ अडते, वाफ नाही. वाफेसाठीचे कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. गनवाला तो घालत नसेल तर त्याला मुद्दाम सांगा.

जंगाभोवती समजुतींचाही पोपडा आहे. शनिवारी लोखंड घेऊ नये म्हणतात. शनिवारी घेतलेल्या गाडीचा पत्रा आणि रविवारी घेतलेल्या गाडीचा पत्रा ऑक्सिजनला सारखेच इलेक्ट्रॉन देतात. सुशिक्षितांची लिंबू-मिरची मात्र महाग असते. बॅटरीला जोडायचं "इलेक्ट्रॉनिक गंजरोधक" नावाचं डबडं त्यातलंच. जमिनीतली पाइपलाइन किंवा समुद्रातलं जहाज विजेनं वाचवता येतं, कारण भोवती सलग ओली माती किंवा पाणी असतं आणि वर्तुळ पूर्ण होतं. कोरड्या हवेतल्या टपाला असं काही नसतं. सिरॅमिक कोटिंगही चांगल्या रंगावर चकाकी देतं, सुटलेला रंग चिकटवत नाही.

वेळेचं म्हणाल तर दिवाळीनंतर ते होळीपर्यंत. सकाळी नको, दव असतं. अकरानंतर सुरू करून दुपारी चारच्या आत शेवटचा हात मारायचा. मेमध्ये मारायचाच झाला तर सावलीत, पत्र्यावर तळहात सहज टेकेल इतका तो थंड असताना. पावसाळ्यात पत्रा कोरडा दिसला तरी त्यावर ओलीचा पडदा असतो आणि तो रंगाखाली कोंडला जातो. नवा रंग झाल्यावर त्यावर ताडपत्री घट्ट बांधू नका, आत घाम धरतो आणि वाऱ्यानं धूळ घासली जाते. कॅरिअरचे नट मात्र वर्षातून एकदा काढा, खाली काय साचलंय ते पाहा, आणि रबराचं वॉशर घालूनच परत आवळा.