लिलॅकचा हिवाळी हिशेब

मे महिना लागला की न्यू जर्सी-बॉस्टनकडच्या नातेवाइकांचे फोटो सुरू होतात. लिलॅक या झुडपाच्या जांभळ्या फुलांचे गच्च घोस आणि खाली ओळ, 'वास इथूनच पाठवतोय'. लगेच इकडून कुणीतरी विचारतं, 'येताना एक रोप आणशील का?' विक्रेत्यांनी ही हौस बरोबर हेरलीय. कुंडीत बारमाही फुलणाऱ्या लिलॅकच्या जाहिराती मी पाहिल्यात. रोप पुण्यात जगेलही, थोडंफार पालवेलही. फुलांचं मात्र विसरा.

लिलॅक मूळचा बाल्कन डोंगरांतला. सोळाव्या शतकात बुस्बेक नावाच्या राजदूताने तो इस्तंबूलहून व्हिएन्नाला नेला, पुढे वसाहतवाल्यांबरोबर तो अमेरिकेत पोचला. न्यू हॅम्पशायरने १९१९ साली त्याला राज्यफूल केलं. तिकडे तो आजीच्या परसातलं झुडूप म्हणूनच ओळखला जातो.

पानगळीचं झाड हिवाळ्यात झोपतं आणि ऊब मिळाली की जागं होतं, असं आपण शाळेत शिकलो. ते अर्धंच खरं आहे. पानं नुकती गळलेला लिलॅक नोव्हेंबरात उबदार काचघरात ठेवा. ऊब, पाणी, उजेड सगळं द्या. फांदीवरचे डोळे, म्हणजे न उमललेले कोंब, ढिम्म हलत नाहीत. आधी पुरेशी थंडी खाल्ल्याशिवाय ऊब त्यांच्या कामाचीच नसते.

फ्रेडरिक कोव्हिल या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२० साली ब्लूबेरीवरचा एक झकास प्रयोग प्रसिद्ध केला. झुडूप उबदार काचघरात ठेवलं आणि एकच फांदी बाहेर थंडीत काढली. वसंतात ती बाहेरची फांदी फुटली. आतलं, ऊब खात बसलेलं झाड तसंच निजलेलं! म्हणजे थंडीचा हिशेब मुळांकडे नसतो, तो ज्या त्या डोळ्याचा असतो. मुळाशी बर्फाचे खडे टाकणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. न फुलणाऱ्या झाडाला खिळे ठोकणाऱ्यांसाठी मात्र माझ्याकडे प्रयोग नाही, हात जोडतो.

डोळ्याच्या आत काय घडतं, हे मुख्यतः बर्च आणि पॉप्लर या झाडांवर तपासलं गेलंय. शेजारच्या पेशी प्लाझ्मोडेस्माटा नावाच्या अतिसूक्ष्म वाटांनी जोडलेल्या असतात आणि वाढीचे संदेश त्यातूनच ये-जा करतात. दिवस लहान होऊ लागले की ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक जोर धरतं आणि या वाटांच्या तोंडाशी कॅलोजची बुचं बसतात. कॅलोज म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची साखळी. बूच बसलं की बाहेरचा 'वाढ' हा निरोप आत पोचतच नाही. मग आठवडेच्या आठवडे थंडी पडते, जिबरेलिन संप्रेरकांचा मार्ग सक्रिय होतो, ग्लुकॅनेज विकरं ही साखळी तोडतात, वाटा मोकळ्या होतात. आणि ऊब कामाला येते ती यानंतर.

साधारण ० ते ७ अंशांची थंडी या हिशेबात चांगली धरली जाते. कडक गोठणीचा फारसा उपयोग नसतो. इस्रायलमध्ये पीचसाठी मांडलेलं एक गणिती प्रारूप सांगतं, की थंडीत डोळ्यात एक कच्चा पदार्थ साठतो, मध्येच उन्हाळलं की तो मोडतो. पुरेसा साठला तर मात्र पक्का होतो आणि मग मोडत नाही. पदार्थ काल्पनिक आहे, पण अंदाज बरे येतात. पुण्यात पहाटे ८ आणि दुपारी २८ अंश! पहाटेची कमाई दुपारी खलास.

यावर नाशिकचे द्राक्ष बागायतदार हसतील. ऑक्टोबर छाटणीनंतर काडीच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड या रसायनाचं पेस्टिंग करून, म्हणजे ते चोपडून, ते एकसारखी फूट काढतातच. पण द्राक्षाला थंडी मुळात कमी लागते, आणि ते रसायन विषारी. गच्चीवरच्या हौसेचं काम नाही. १९००च्या सुमारास योहान्सेन या डॅनिश शास्त्रज्ञाने तर लिलॅकलाच ईथरची वाफ देऊन ऐन हिवाळ्यात फुलवलं होतं. 'जीन' हा शब्द देणारा तो हाच.

थंड मुलखातल्या मंडळींनी लिलॅक खुशाल लावावा. दिवसाला सहा तास ऊन, पाण्याचा निचरा होणारी, आंबट नसलेली जमीन, आणि फुलं येईपर्यंत काही वर्षांचा धीर. ऑगस्टमध्ये पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, येते. दिसते वाईट, झाड मरत नाही.

खरी चूक छाटणीत होते. पानगळीनंतर फांदीचं टोक नीट बघा, दोन टपोरे डोळे शेजारीशेजारी बसलेले दिसतील. पुढच्या मे महिन्यातले घोस त्यात उन्हाळ्यातच तयार होऊन बसलेत. इकडच्या सवयीने ऑक्टोबरात कात्री चालवलीत तर तेच कापाल. छाटायचं ते फुलं सुकल्यासुकल्या. जुने जाड बुंधे दरवर्षी थोडेथोडे, अगदी जमिनीलगत.

दक्षिण कॅलिफोर्नियातल्यांना कमी थंडीत फुलणारा 'लव्हेंडर लेडी' हा वाण मिळतो. आणि पुण्या-कोकणात पानगळीचं, उन्हाळ्याच्या तोंडी फुलणारं सुवासिक झुडूपच हवं असेल, तर कुडा लावा. त्याच्या फुलांची भाजीही होते.